क्वार्टर क्रमांक २१-सी

आरोपपत्रात घराचा पत्ता होता. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्यावर आरोप ठेवला गेला तो असा: मेडिकल कॉलनीतल्या २१-सी क्रमांकाच्या क्वार्टरमध्ये राहत असताना त्यांनी अनैतिक लैंगिक वर्तन केलं, शिक्षकवर्गाच्या पवित्र प्रतिमेला धक्का लावला आणि विद्यापीठाचं नाव बदनाम केलं. ज्याने हे लिहिलं त्याला तो पत्ता गुन्ह्याची जागा वाटला असणार. पण नोकरीविषयक कायद्याची थोडी जाण असलेला कोणीही वाचेल तर त्याची नजर नेमकी त्या पत्त्यावरच थांबेल. वर्ग नाही, विभाग नाही, विद्यार्थी नाही, कामाची वेळ नाही. आरोप होता तो घराच्या दाराआड घडलेल्या गोष्टीचा.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्या घरात घुसली. सिरस आपल्या एका मित्रासोबत होते. तो सायकलरिक्षा ओढून पोट भरायचा. दोघंही सज्ञान, दोघांचीही संमती. घुसलेल्यांनी त्यांचं चित्रीकरण केलं. थोड्याच वेळात विद्यापीठाचे काही अधिकारीही त्या घरी पोचले. दुसऱ्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, सिरस यांच्या हाती निलंबनाचा आदेश पडला. परक्याच्या घरात शिरून कॅमेरा चालवणं हा कोणत्याही कायद्यात अपराध आहे. तरी पहिली कारवाई झाली ती ज्याच्या घरात लोक घुसले त्याच्यावर.

सिरस नागपूर विद्यापीठात शिकले. मानसशास्त्र आणि भाषाशास्त्राचा अभ्यास केला, १९८५ साली मराठीत डॉक्टरेट मिळवली आणि १९८८ साली अलीगढला मराठी शिकवायला गेले. त्यांच्या विभागात मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली अशा भाषा शिकवल्या जातात. ज्या गावात रस्त्यावर, दुकानात, शेजारी कुठेही मराठी कानावर पडत नाही, तिथे दोन दशकं हा माणूस आपली भाषा शिकवत राहिला आणि त्याच भाषेत कविता लिहीत राहिला. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला. आज बहुतेक मराठी वाचकांना सिरस ठाऊक आहेत ते २०१६ साली आलेल्या हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ या हिंदी चित्रपटामुळे, मनोज वाजपेयींच्या चेहऱ्याने. मराठीचा प्राध्यापक, मराठी कवी, आणि त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती हिंदीतून. याची खंत मला वाटते. ती इथे नोंदवून पुढे जातो, कारण सिरस यांनी मागे ठेवलेली गोष्ट कवितेपलीकडची आहे. नोकरी करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कामाची आहे.

निलंबन म्हणजे काय, हे सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘निलंबन ही शिक्षा नव्हे’ हे वाक्य प्रत्येक आस्थापना शाखेत पाठ असतं. कायद्याच्या पुस्तकात ते खरंही आहे: चौकशी होईपर्यंत कर्मचाऱ्याला कामापासून बाजूला ठेवायचं, एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात पगार थांबतो आणि त्याच्या जागी साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता येतो. परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही. ज्या खुर्चीवर काल बसलो तिथे आज दुसरं कोणी बसतं, आणि ज्या व्हरांड्यात लोक नमस्कार करायचे तिथे ते नजर चुकवतात. सिरस यांची निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. चौकशीचा शेवट बडतर्फीत झाला असता, तर बावीस वर्षांच्या नोकरीचं निवृत्तिवेतनही धोक्यात आलं असतं.

त्यात त्यांना क्वार्टर सोडायलाही सांगण्यात आलं. या गोष्टीकडे मला वाचकांचं मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. विद्यापीठाची वसाहत, रेल्वे कॉलनी, पोलीस लाइन, साखर कारखान्याच्या चाळी, बँकेचे फ्लॅट: आपल्याकडे नोकरी आणि छप्पर एकाच मालकाच्या हातात असण्याची रीत फार जुनी आहे. अशा ठिकाणी वरिष्ठ हाच घरमालक असतो, शेजारी हेच सहकारी असतात, आणि वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरीही त्याच मालकाचा पगार घेतो. माणूस संध्याकाळी कामावरून घरी येतो तेव्हा तो खऱ्या अर्थाने कामाच्या जागेबाहेर पडलेलाच नसतो. समलिंगी माणसाच्या बाबतीत तर ही गोष्ट जीवघेणी ठरते. त्याला आपलं आयुष्य जगायला एक बंद दार लागतं आणि त्या दाराची दुसरी किल्ली मालकाकडे असते. सिरस यांच्याकडून एका आठवड्यात नोकरीही काढून घ्यायला निघाले आणि घरही, कारण दोन्हींचा कागद एकाच कचेरीतून निघत होता.

विद्यापीठाला गुन्ह्याचं नाव मात्र घेता येत नव्हतं. या निलंबनाच्या सात महिने आधी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला होता. शहा मूळचे सोलापूरचे, मुंबई उच्च न्यायालयात घडलेले. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीने आणि खासगीत आलेले संबंध त्या निकालाने बाहेर काढले. शिवाय घटनेच्या पंधराव्या कलमात लिंगाच्या आधारे भेदभाव करायला जी मनाई आहे, तिच्या आशयात लैंगिक कलही येतो, असंही म्हटलं. म्हणजे सिरस यांनी केलं तो दिल्लीच्या निकालानुसार गुन्हा नव्हता. मग त्यांना धरायचं कशात? तर नोकरीच्या नियमात. गैरवर्तनात.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, आपल्याकडे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, आणि विद्यापीठांचे आपापले नियम त्याच वळणाचे. या सगळ्यांत एक पोटनियम असतोच: कर्मचाऱ्याने आपल्या पदाला न शोभणारं काही करू नये. लाच, अफरातफर, गैरहजेरी यांची व्याख्या करता येते, पुरावा मागता येतो. न शोभणारं म्हणजे काय, हे मात्र ज्याच्या हाती शिक्का असेल तो ठरवतो. दंड संहितेतलं कलम निष्प्रभ झालं तरी हा पोटनियम जागच्या जागी होता, आणि सिरस यांच्यावर चालवला गेला तो हाच. समलिंगी कर्मचाऱ्यांच्या हक्कांचा इतिहास आपण बहुधा कलम ३७७ चा इतिहास म्हणून सांगतो. माझ्या मते तो अर्धाच इतिहास आहे. फौजदारी खटला फार थोड्यांवर झाला. नोकरी गेली ती कितीतरी अधिक लोकांची, आणि ती जाताना ३७७ चा उल्लेखही करावा लागला नाही.

भोपाळचं उदाहरण घ्या. मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी १९८७ च्या अखेरीस एकमेकींशी लग्न केलं. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली, आणि १९८८ च्या सुरुवातीला दोघींनाही दलातून काढून टाकण्यात आलं. त्यांच्यावर कोणता गुन्हा शाबीत झाला नव्हता. त्यांच्याही बाबतीत बराक हेच घर होतं आणि बराकीचा मालक हाच वरिष्ठ. नोकरी जाताच डोक्यावरचं छप्परही गेलं. त्यांच्यामागे कोणी वकील उभा राहिला नाही. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी उभी राहणारी एखादी संस्थाही तेव्हा देशात शोधून सापडली नसती.

आणि खासगी मतांपायी नोकरी जाण्याची गोष्ट मराठी समाजाने तर त्याच्याही साठ वर्षं आधी पाहिली होती. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्या गणिताबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण ते संततिनियमनाचा उघड प्रचार करत, आणि त्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचक त्यात आपल्या लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत; त्या शंकांमध्ये समलिंगी संबंधांविषयीच्याही असत. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण गणिताच्या प्राध्यापकाला त्याच्या लैंगिक विषयावरच्या मतांसाठी घालवता येतं का, हा प्रश्न विल्सन कॉलेजच्या बाबतीत कोणत्याही न्यायालयात गेलाच नाही. कर्वे राजीनामा देऊन बाहेर पडले. अशा प्रकरणांत बहुतेकांचं असंच होतं. माणसाला कोर्टात जायचीही लाज वाटेल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते.

हा प्रश्न न्यायालयात नेमका कसा मांडायचा, याची वाट मुंबईतच सापडली, आणि ती एका वेगळ्याच प्रकरणातून. नव्वदच्या दशकात एका सार्वजनिक महामंडळाकडे हंगामी कामगार म्हणून राबणाऱ्या माणसाला कायम करायची वेळ आली. वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं निघालं. तब्येत ठणठणीत, काम तेच, अंगमेहनतीचं. पण यादीतून नाव गेलं. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेच्या मदतीने तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्याचं नाव जाहीर होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला ‘एमएक्स’ आणि महामंडळाला ‘झेडवाय’ म्हणायची परवानगी दिली. १९९७ च्या निकालात न्यायालयाने विचारलेले प्रश्न साधे होते. हा माणूस त्याला नेमून दिलेलं काम करू शकतो का? त्याच्यामुळे कामावरच्या इतरांना खरोखर धोका आहे का? काम करू शकत असेल आणि धोका नसेल, तर केवळ लागणीच्या कारणाने त्याला दूर ठेवणं घटनेत बसत नाही.

या निकालाचा समलिंगी संबंधांशी वरवर काही संबंध दिसत नाही. पण त्या काळात एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाकडे समाज ज्या नजरेने पाहत होता, त्याच नजरेने समलिंगी माणसाकडेही पाहत होता: हा आजार म्हणजे त्याच्या चारित्र्याचा पुरावा. न्यायालयाने ती नजर बाजूला ठेवली आणि कामाबद्दल विचारलं. त्याला नाव लपवू दिलं, हेही मला तितकंच मोठं वाटतं. हक्क मागायला आलेल्या माणसाला हक्काच्या बदल्यात अब्रू टाकून द्यावी लागू नये, हे एका भारतीय न्यायालयाने तेव्हा मान्य केलं.

‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे आनंद ग्रोव्हर यांनीच पुढे दिल्लीत नाझ फाउंडेशनची बाजू मांडली. आणि मार्च २०१० मध्ये सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले तेही ग्रोव्हरच.

सिरस न्यायालयापर्यंत पोचले यात त्यांच्या धैर्याइतकाच काही लोकांच्या साथीचाही वाटा आहे. इंडियन एक्सप्रेसचा तरुण वार्ताहर दीपू सेबॅस्टियन एडमंड याने त्यांना शोधून काढलं आणि एक माणूस म्हणून त्यांचं म्हणणं लोकांपुढे ठेवलं. दिल्लीहून प्राध्यापक आणि कार्यकर्ते अलीगढला आले, चौकशी केली, अहवाल लिहिला. विद्यापीठातल्याही एका-दोघा सहकाऱ्यांनी उघडपणे त्यांची बाजू घेतली. त्या वातावरणात ते सोपं नव्हतं. मुलाखतीत सिरस जे बोलले त्यात राग नव्हता. या विद्यापीठावर माझं प्रेम आहे, ते पुढेही राहील, पण मी समलिंगी आहे म्हणून विद्यापीठाचं माझ्यावरचं प्रेम आटलं की काय असं वाटतं, अशा आशयाचं ते बोलणं होतं. आपल्या मालकाबद्दल इतक्या हळुवारपणे बोलणारा निलंबित कर्मचारी मी दुसरा पाहिलेला नाही.

अलीगढ विद्यापीठ १९२० च्या कायद्याने स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. कायद्याच्या भाषेत ते ‘राज्यसंस्था’ ठरतं, म्हणून त्याच्याविरुद्ध घटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट करता येतं, आणि समानतेचा, जगण्याचा, खासगीपणाचा मूलभूत हक्क मागता येतो. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे त्याची गरज पडणार आहे.

निलंबनाच्या आदेशात उच्च न्यायालयं एरवी सहजासहजी हात घालत नाहीत. चौकशी पूर्ण होऊ द्या, मग या, असंच सांगितलं जातं, आणि बहुतेक प्रकरणांत ते योग्यही असतं. सिरस यांच्या बाबतीत १ एप्रिल २०१० रोजी न्यायमूर्ती सुनील अंबवानी आणि न्यायमूर्ती के. एन. पांडे यांच्या खंडपीठाने ती वाट धरली नाही. त्यांनी निलंबनाला स्थगिती दिली. खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे आणि त्याचं रक्षण व्हायला हवं, असं सांगितलं. आणि त्याच्या जोडीला एक कसोटी घालून दिली: कर्मचाऱ्याच्या वर्तनाचा त्याच्या नोकरीवर परिणाम होत नसेल, त्या नोकरीशी त्याचा ठोस संबंध नसेल, तर ते वर्तन गैरवर्तन धरता येणार नाही, मग तो कर्मचारी शिक्षक का असेना.

शिक्षकाचा हा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. विद्यापीठाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता: इतर कोणाचं चालेल, शिक्षकाचं चालणार नाही. आपल्याकडे गुरूच्या आसनाला जो मान आहे, त्याच मानाचा दोर करून माणसाला बांधता येतं. न्यायालयाने तो सोडवला. सिरस वर्गात कसे शिकवत होते? विद्यार्थ्याशी काही गैर वागले होते का? विभागाच्या कारभारात काही खोट होती का? आरोपपत्रात यातलं एकही नव्हतं. होता तो घराचा पत्ता.

आदेश अंतरिम होता. अंतिम सुनावणी व्हायची होती. पण नोकरी परत मिळाली होती आणि निवृत्तीपर्यंत क्वार्टरही.

७ एप्रिलला सिरस अलीगढमधल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. न्यायालयाच्या आदेशाला सहा दिवस झाले होते. निलंबन मागे घेतल्याचं विद्यापीठाचं पत्र विभागात पोचलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. शवविच्छेदनात विषाचे अंश आढळल्याचं पोलिसांनी सांगितलं. पोलिसांनी नोंदवलेल्या नावांत वार्ताहर होते, विद्यापीठाचे अधिकारीही होते; पुरेसा पुरावा नाही म्हणून ते प्रकरण पुढे बंद झालं. त्या रात्री घरात कॅमेरा घेऊन कोण शिरलं, कोणाच्या सांगण्यावरून शिरलं, याचा न्यायालयात निवाडा झालेला नाही. मला हे लिहितानाही त्रास होतो. एका माणसाच्या घरात घुसून त्याचं आयुष्य संपवण्याइतकी नाचक्की केली गेली, आणि त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

८ फेब्रुवारीच्या रात्री त्या क्वार्टरमध्ये आणखी एक काम करणारा माणूस होता, आणि या सगळ्या इतिहासात त्याच्या वाट्याला एक ओळही नीट आलेली नाही. तो रिक्षा ओढायचा, एवढाच त्याचा उल्लेख. बातम्यांनी त्याचा धंदा अशा सुरात सांगितला, की जणू प्राध्यापकाने समलिंगी असण्यापेक्षाही रिक्षावाल्याशी मैत्री करणं अधिक लाजिरवाणं. त्याला निलंबित करणारं कोणी नव्हतं, कारण त्याला नोकरीच नव्हती. चित्रीकरण त्याचंही झालं. ज्या गावात रोज उन्हात गिऱ्हाईक शोधायचं, त्याच गावात तो चेहरा झळकला. त्याचं रोजगाराचं नुकसान मोजणारं कोणतंही न्यायाधिकरण नाही. कर्मचाऱ्यांच्या हक्कांची भाषा कर्मचारी असलेल्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

सिरस गेल्यानंतर कायदा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाझचा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं आणि लैंगिक कल हा त्या हक्काच्या गाभ्यात येतो असं नोंदवलं. अलाहाबादच्या खंडपीठाने सात वर्षं आधी हेच धरून आदेश दिला होता. मग ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेज सिंग जोहर प्रकरणात, पाच न्यायमूर्तींनी एकमताने सज्ञानांचे संमतीचे संबंध ३७७ मधून कायमचे वगळले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपापल्या निकालपत्रांत लैंगिक कलावरून होणारा भेदभाव हा घटनेतल्या लिंगभेदाच्या मनाईत कसा बसतो, हे विस्ताराने मांडलं. इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती मल्होत्रांनी लिहिलं.

त्या निकालानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून २०१९ रोजी, उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्याच्या गृहरक्षक दलाच्या कमांडंटने एका जवानाची नेमणूक रद्द केली. कारण पुन्हा एक चित्रफीत. त्यात तो आपल्या जोडीदाराशी जवळीक दाखवताना दिसत होता. सरकारतर्फे न्यायालयात दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रात त्याच्या लैंगिक कलालाच अनुचित कृत्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देशभर गाजला, टीव्हीवर दिवसभर चालला, रंगीत झेंडे रस्त्यावर आले. जिल्ह्याच्या कचेरीत मात्र तो पोचला नव्हता. जवान अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. २ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती सुनीता अगरवाल यांनी ती बरखास्ती सूडबुद्धीची ठरवून रद्द केली, त्याला ताबडतोब कामावर घ्यायला सांगितलं, सगळी देणी द्यायला सांगितली आणि पुढचं मानधन वेळच्या वेळी देत राहण्याचा आदेश दिला. ज्या न्यायालयाने सिरस यांना नोकरी परत दिली होती, त्याच न्यायालयाने. या वेळी माणूस जिवंत होता.

मात्र हा जवान न्यायालयात जाऊ शकला तो गृहरक्षक दल सरकारी असल्यामुळे. अलीगढचं विद्यापीठ कायद्याने राज्यसंस्था ठरतं, हे मघाशी लिहिलं ते यासाठी. तोच माणूस एखाद्या खासगी सुरक्षा एजन्सीचा पहारेकरी असता, पुण्याच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बारा बारा तासांची ड्युटी करणारा, आणि एजन्सीच्या मालकाच्या हाती तीच चित्रफीत लागली असती, तर त्याला रिटाचा मार्ग नव्हता. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध चालतात. खासगी मालकाने समलिंगी कामगाराशी भेदभाव करू नये, असं सरळ सांगणारा कायदा संसदेने केलेला नाही. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली, प्रत्येक आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायला सांगितलं; समलिंगी स्त्रीपुरुष त्याच्या कक्षेत येत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांना तक्रारीचा हक्क देतो. काही मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून पावलं टाकली. टाटा स्टीलने २०१९ साली समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही कर्मचारी लाभ देऊ केले. त्यांचं स्वागतच करायला हवं. पण कंपनीचं धोरण कंपनी बदलू शकते, आणि ज्या एजन्सीला धोरणच नाही तिच्या पहारेकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. शशी थरूर यांनी २०१७ साली लोकसभेत मांडलेल्या भेदभावविरोधी खासगी विधेयकात लैंगिक कलाचा स्पष्ट समावेश होता. ते मंजूर झालं नाही.

म्हणून त्या पहारेकऱ्याला काढताना मालकाला आरोपपत्रही लिहावं लागत नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढं फोनवर सांगितलं की भागतं. कारण कुठेही नोंदवलं जात नाही. अलाहाबादची कसोटी लावायला समोर एखादा आदेश तरी असावा लागतो, आणि इथे तोच नसतो. खासगी मालकालाही असा भेदभाव करायला मनाई करणारा कायदा संसदेने करायला हवा. तोवर महाराष्ट्र विधिमंडळानेही वाट पाहत बसायचं कारण नाही. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर राज्यालाही कायदा करता येतो.